टिकणारी

मोटरसायकलवाल्यानं तिला आजी म्हटलं. “सावकाश, आजी. घाई नाही,” असं म्हणून त्यानं गाडी तिरकी केली, एक पाय जमिनीवर रोवला आणि पेरुसी मागच्या सीटवर आडवी बसेपर्यंत तो समोरच्या चपातीवाल्याच्या तव्याकडे बघत राहिला. वांदेगेयाच्या चौकात सकाळच्या गर्दीत असली वाक्यं कोणी लक्षात ठेवत नाही. पण पेरुसीची काठी क्षणभर हवेतच राहिली. एक्कावन्न वर्षांत या शहरातल्या अनोळखी माणसांनी तिला बाळ म्हटलं होतं, बिचारी म्हटलं होतं, नुसतं ‘ए’ म्हटलं होतं. बहुतेक वेळा तर तिला काहीच म्हटलं नव्हतं. शेजारी जो कोण असेल त्याला विचारलं होतं, हिला कुठं उतरायचंय, हिला चहात साखर चालते का. आजी मात्र आजवर कोणी म्हटलं नव्हतं. गाडी मकेरेरेच्या उतारावरून निघाली, अंगावरच्या पायघोळ झग्याचा, गोमेसीचा, घोळ तिनं उजव्या हातानं मांडीखाली दाबून धरला, आणि त्या माणसानं नेमकं काय पाहिलं असेल ते ती एकेक करून मांडू लागली. फडक्याखालून डोकावणारे पांढरे केस. काठी. वाकलेले, एकमेकांना घासणारे गुडघे. जमिनीला कधीच न टेकणाऱ्या टाचा. कोंबडीच्या पंखासारखा छातीशी दुमडलेला डावा हात. एवढं सगळं पाहून त्यानं सगळ्यात साधं उत्तर काढलं होतं: बाई म्हातारी आहे. आणि ते बरोबर होतं. शेजारची मिरिया, जी तरुणपणी डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन पळत यायची, ती आता भिंत धरून चालते. चर्चच्या पायऱ्यांवर तिच्या वयाच्या बायका थांबतात, दम घेतात, एकमेकींचा कोपर धरतात. पेरुसीची चाल होती तशीच होती. वयच तिच्यापर्यंत चालत आलं होतं.

रेडिओच्या कचेरीत ती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचली. ही सवय तिला आत्यानं लावली होती, पण वेगळ्याच कारणासाठी. घरी मोठं माणूस आलं की मुली-बायका गुडघे टेकून स्वागत करतात. पेरुसीचे गुडघे तसे वळतच नसत. वळवायला गेलं की ती बाजूला कलंडायची आणि पाहुणे संकोचून म्हणायचे, राहू दे, राहू दे. तेव्हा युनियाआत्यानं तिला शिकवलं की पाहुणा फाटकाशी यायच्या आत चटईवर जाऊन बसायचं, दोन्ही पाय एका अंगाला घेऊन, पाठ ताठ. पाहुणा आत आला की त्याला खाली बसलेली मुलगी दिसली पाहिजे. ती कशी बसली हे त्याला कळायचं कारण नाही. तेव्हापासून पेरुसी कुठंही आधी जाते. लग्नाला, मयताला, दवाखान्यात. तिला येताना पाहिलेली माणसं या शहरात फार थोडी आहेत. कचेरीत तिचं काम मृत्यूचे निरोप लिहिण्याचं. लोक खिडकीशी येतात, रडत किंवा भांडत काहीबाही सांगतात, आणि ती त्याचं वाचता येईल असं वाक्य करते. मग निवेदक ते वाचतो, कारण तिचे शब्द जिभेवर ओढले जातात आणि बातम्यांना वेळ नसतो. गेलेल्याचं नाव, मुलं, नातवंडं, दफन कुठं, आणि पुढं कधीतरी, कुळाचे विधी व्हायचे तेव्हा, वारस. एका जागी तीस वर्षं बसल्यावर तिला एक गोष्ट माहीत झाली होती जी तिनं कोणाला सांगितली नव्हती. तिच्यासारख्या अंगाच्या माणसांचे निरोप फार आखूड असतात. आईबापांचं नाव येतं, दफन येतं. वारसाचं वाक्य येत नाही. ती बहुधा लहान मुलंच असतात म्हणून, असं ती आधी समजायची. मग काही निरोप मोठ्या माणसांचेही आले, पंचवीस, तीस, चाळिशीचे, आणि त्यांतही ते वाक्य नव्हतं.

त्या शुक्रवारी तिनं दुपारपर्यंतचं काम उरकलं आणि थोरला भाऊ याफेसी न्यायला येईपर्यंत खिडकीशी बसून राहिली. उद्या सकाळी गावी युनियाआत्याचा विधी होता. कुळात बाई गेली की तिची जागा रिकामी ठेवत नाहीत. भावाच्या मुलींपैकी एकीला सालीचं कापड पांघरून घराच्या दारात उभं करतात, हातात चाकू आणि टोपली देतात, आणि त्यानंतर ती तीच होते. तिचे सख्खे भाऊ तिला आत्या म्हणतात. भाच्यांची लग्नं तिच्या शब्दावर ठरतात. युनियाआत्यानं मरायच्या आधी कुळातल्या दोघा म्हाताऱ्यांना बोलावून पेरुसीचं नाव सांगितलं होतं. म्हाताऱ्यांनी मान डोलावली होती, आणि ती गेल्यावर निरोप पाठवला होता: बाईची निवड आम्ही मोडत नाही, पण वारस टिकणारा हवा. दोन वर्षांत वारस गेला तर कुळाला पुन्हा दुसरा उभा करावा लागतो, आणि ते अशुभ मानतात. ही असली माणसं किती जगतात ते एकदा डॉक्टरला विचारून या, मग बोलू.

टिकेल का, हा प्रश्न पेरुसीच्या आधीपासून त्या घरात होता. ती जन्मली तेव्हा रडली नव्हती. बऱ्याच उशिरानं, सुईणीनं आशा सोडून हात धुतल्यावर, रडली. नाव ठेवायचं पुढं ढकललं गेलं. दोन वर्षांची असताना ताप चढला आणि अंग फळीसारखं ताठ झालं, तेव्हा आजोबांनी मुतुबाच्या झाडाची साल काढून घेतली, ठोकून ठोकून तिचं कापड केलं, कारण कापडात गुंडाळल्याशिवाय कोणाला मातीत ठेवत नाहीत. छोटंसं, तिच्या मापाचं. ताप उतरला. कापड आढ्याला खोचून ठेवलं. केळीच्या बागेत तिच्यासाठी बघून ठेवलेल्या जागेवर आत्यानं एका सकाळी मुकाट्यानं केळीचा कोंब लावला, आणि आजोबा ओरडायला लागले तेव्हा म्हणाली, “जागा मोकळी होती. तुम्हाला हवी असेल तर तुम्ही घ्या.” हे पेरुसीला आठवत नाही, पण तिला ते इतक्या वेळा ऐकवलं गेलं होतं की त्या सकाळच्या ओल्या मातीचा वाससुद्धा तिला आपला वाटायचा. कापड मात्र आठवतं. दर मोसमात आत्या ते काढून उन्हात टाकायची आणि तिला त्याच्याशेजारी झोपवून मापायची. आधी पावलं बाहेर आली. मग पोटऱ्या. मग आत्या हसायला लागली, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. “बघा गं, हिनं आपलं कफन आखूड केलं!” शेवटी त्याच्या पट्ट्या कापून आत्यानं तिच्या पहिल्या काठीच्या मुठीला गुंडाळल्या, हात घसरू नये म्हणून. काठ्या बदलल्या, पट्ट्या एका मुठीवरून दुसऱ्या मुठीवर गेल्या. आज त्या घामानं काळ्या आणि चामड्यासारख्या झाल्या आहेत. चाकूही आत्यानंच हातात दिला होता. आई म्हणायची, बोट कापेल. आत्या म्हणायची, “बोटं दहा आहेत.” हिरवं केळं दुमडलेल्या डाव्या मनगटाखाली छातीशी दाबायचं आणि उजव्या हातानं सोलायचं, ही रीत त्या दोघींनी मिळून शोधली. अजूनही पेरुसी तशीच मटोके सोलते, आणि सालीच्या डागांनी तिच्या प्रत्येक गोमेसीची छाती काळपट आहे.

डॉक्टरकडे ती एकटी गेली होती. असल्या दुखण्याचा दवाखाना शहरात होता, पण तो लहान मुलांचा. भिंतीवर जिराफ रंगवलेला, बाक बुटके. पेरुसी नेहमीप्रमाणे लवकर जाऊन बसली, मग बायका येत गेल्या. पाठीला बांधलेली, कडेवर घेतलेली मुलं. कोणाची मान मागे पडलेली, कोणाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर. तिनं ते पाय ओळखले. आपलं घर दुसऱ्याच्या गावात दिसावं तसं वाटलं तिला. तिच्या शेजारी बसलेली बाई आधी तिच्या काठीकडे, मग टाचांकडे, मग पांढऱ्या केसांकडे बघत राहिली आणि शेवटी न राहवून म्हणाली, “बाई, तुम्ही कोणाला घेऊन आलात?”

“मला,” पेरुसी म्हणाली.

बाईनं मांडीवरच्या पोराला सावरलं. “म्हणजे तुम्हाला... हेच?”

“हेच.”

“जन्मापासून?”

“त्याच्याही थोडं आधीपासून, असं म्हणतात.”

“वय किती म्हणायचं तुमचं?”

पेरुसीनं सांगितलं. त्या बाईनं ते पलीकडच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पलीकडचीला. ते वय बाकावरून पुढं पुढं जात राहिलं, पंगतीत वाढप पुढं सरकावं तसं, आणि शेवटच्या बाईपर्यंत पोचल्यावर ती उठून उभी राहून बघू लागली. मग प्रश्न सुरू झाले. भरवतं कोण? मीच खाते. न्हाणं? बसून, पण माझी मी. कामाला जाता? रेडिओत. “अगंबाई, रेडिओत!” लग्न? “एक जण होता. चांगला होता. मग दुसरीकडे गेला.” “आमचे पाय धडधाकट, तरी आमचेही गेले,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा बाक हसला. हसताना त्या शेजारच्या बाईनं आपल्या पोराची ताठ टाच पेरुसीच्या हाताखाली सरकवली, अगदी सहज, टोपली टेकवावी तशी, आणि पेरुसीनं ती टाच नाव पुकारलं जाईपर्यंत धरून ठेवली. आपण कधी कोणाचं पुढचं आयुष्य असू शकतो हे तिच्या मनात आलं नव्हतं. आपल्या पुढं चालणारं कोणी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पन्नाशीनंतर हे अंग कसं वागतं, साठीला कुठं दुखतं, हे विचारायला एक म्हातारी तिला कधी भेटली नव्हती.

डॉक्टर तरुण होती आणि तिनं गोड बोलायचा प्रयत्न केला नाही, हे पेरुसीला आवडलं. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, ती म्हणाली. मेंदूत जी इजा झाली ती तेव्हाच झाली, ती वाढत नाही. ज्यांना गिळता येत नाही, हलता येत नाही, त्यांचं आयुष्य बरेचदा आखूड होतं, म्हणून लोकांना वाटतं सगळ्यांचंच तसं. तुमच्यासारखी चालणारी, हातानं जेवणारी माणसं जवळपास इतरांइतकीच जगतात. “पण अंग लवकर थकतं. तुम्ही एक पाऊल टाकायला जेवढी ताकद घालता तेवढ्यात दुसरं माणूस तीन टाकतं. आतापर्यंतची सगळी पावलं तशी टाकली आहेत तुम्ही. चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळांचं चालणं कमी होत जातं. कंबर दुखते का?” दुखत होती. गेल्या वर्षी कचेरीच्या पायऱ्यांवर ती दोनदा बसली होती आणि चपलेचा पट्टा नीट करते आहे असं तिनं भासवलं होतं. “काही वर्षांत चाकांची खुर्ची लागेल,” डॉक्टर म्हणाली. “तोपर्यंत हट्टानं चालू नका. ताकद कशासाठी ठेवायची ते तुम्ही ठरवा.”

याफेसीनं गाडीत बसल्या बसल्या सुरुवात केली. तो अठ्ठावन्नचा होता, सिमेंटचा व्यापारी, आणि लहानपणी तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. तेव्हापासून तिचं वाक्य अर्ध्यात पकडून पुरं करायची त्याला खोड होती. “तू काही बोलायचं नाहीस. मी सांगतो. डॉक्टर म्हणाली भरपूर जगेल. बस्स. पायांचं काढायचं नाही.”

“ते अर्धंच झालं.”

“अर्धं खरं म्हणजे खोटं नव्हे. रोज निरोप लिहितेस, तुला माहीत नाही? ‘अल्पशा आजारानं’ म्हणता आणि माणूस दारू पिऊन विहिरीत पडलेला असतो.”

“दादा, तू वकील व्हायचास. सिमेंटमध्ये वाळू मिसळत बसलास.”

तो हसला, पण हात चाकावर घट्ट होते. त्याला काय भीती वाटत होती ते तिला कळत होतं. डिसेंबरात त्याच्या मुलीचं, लेयाचं, लग्न ठरवायचा समारंभ होता. त्या दिवशी आत्या पाहुण्यांच्या गर्दीत फिरून नवऱ्या मुलाला हुडकते आणि हाताला धरून उठवते. अख्खं अंगण बघत असतं. याफेसीला ती पडलेली चालणार नव्हती, आणि ती पडेल म्हणून कोणी तिला नाकारलेलंही चालणार नव्हतं. बुसेगाच्या पुढं रस्ता तुंबला. ट्रक, गुरांची गाडी, मग काहीच हलेना. पेरुसी खिडकीतून विटांच्या भट्ट्यांकडे बघत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण उशिरा पोचणार आहोत. सगळे आधीच बसलेले असतील. फाटकापासून फणसाखालच्या चटयांपर्यंतचं ते सगळं अंगण तिला त्यांच्या डोळ्यांसमोर चालत जावं लागेल.  आयुष्यभर जे तिनं पहाटे उठून चुकवलं होतं ते आज ऊन कलताना उघड्यावर व्हायचं होतं.

ते तसंच झालं. गाडी फाटकाशी थांबली, याफेसी दार उघडून तिला धरायला आला, आणि ती म्हणाली, “सोड.” अंगणात कुळातली माणसं बसली होती, कांझूचे पांढरे झगे, बायकांच्या गोमेसींचे उंच खांदे, आणि सगळे फाटकाकडे बघू लागले. तिनं काठी टेकली. उजवा पाय, मग कंबर, मग ओढून आणलेला डावा. लाल माती, सुकलेली पानं. त्याच वेळी केळीच्या बागेतून दुसऱ्या वाटेनं म्हातारे मुबिरू येत होते, कुळातले सगळ्यात वडील, ज्यांचा शब्द उद्या चालायचा होता. त्यांनीही काठी टेकली होती. गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, पावलं आखूड. वाटा जिथं मिळत होत्या तिथं दोघं एकत्र आली आणि बरोबरीनं चालू लागली, कारण दोघांचा वेग एकच होता.  मग एक म्हातारी चटईवरून म्हणाली, “काय गं बाई ही वरात! रात्र पडेल यांना पोचेतो,” आणि मुबिरू न थांबता म्हणाले, “तुला घाई असेल तर तू ये इकडे, उचलून ने.” हसू पसरलं. पेरुसीला सकाळची मोटरसायकल आठवली. लोक तिच्याकडे बघत होते, आणि कोणाकडे बघत होते ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

बसल्यावर मुबिरूंनी वेळ घालवला नाही. “बोल. टिकशील का?”

“आजोबा, डॉक्टरांनी असं सांगितलं—” याफेसी म्हणाला.

“तुला विचारलं? तिला तोंड आहे.”

पेरुसीनं जीभ ओली केली. ताण आला की तिचे शब्द जास्तच ओढले जातात, आणि ती ते होऊ देत म्हणाली, “मी टिकेन. पाय टिकणार नाहीत.” याफेसीनं मान खाली घातली. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं होतं त्याच क्रमानं, निरोप लिहिल्यासारखं, विशेषणं गाळून. इजा वाढत नाही. आयुष्य जवळपास इतरांइतकं. अंग थकतं. काही वर्षांत खुर्ची.

“झालं,” फरची टोपी घातलेला एक भाऊबंद म्हणाला. “म्हणजे आत्या खुर्चीत. डिसेंबरात पाहुण्यांतून नवरा हुडकत कोण फिरणार? खुर्ची?”

“नवरा माझ्यासमोर येईल,” पेरुसी म्हणाली. “पाय त्याला आहेत. नसतील तर मग पोरगी कशाला द्यायची, असं तुम्हीच म्हणाल.”

बायकांच्या बाजूनं एक शिट्टीवजा आवाज आला. टोपीवाल्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मुबिरू हसले नाहीत. “आणि उद्या? वारस दारात उभा राहतो. सगळं गाव भेटून जाईस्तोवर.”

“उभी राहणार नाही. आत्याच्या स्टुलावर बसेन. उभी राहिले तर सगळे मी पडते का ते बघत राहतील. उद्या त्यांनी आत्याला बघायचं आहे.”

हे असं करतात का, ही कुजबुज चटयांवरून फिरली. मुबिरूंनी काठीच्या टोकानं मातीत एक खड्डा केला, तो बुजवला, पुन्हा केला. ऊन फणसाच्या पलीकडे गेलं होतं. “माझा बाप गेला तेव्हा मला वारस केलं,” शेवटी ते म्हणाले. “मी सहा महिन्यांचा होतो. आईच्या कडेवर. तिनं मला दारात धरलं आणि वारसाच्या हातात द्यायचा भाला दुसऱ्या कोणी तरी धरला. मी तेव्हा झोपलेला होतो म्हणतात. त्या काळी आमच्यातली निम्मी पोरं चालायच्या आत जायची. पण हा टिकेल का, असं कोणी विचारलं नाही.” त्यांनी वर पाहिलं. “तुला विचारलं. ती आमची चूक. कापड मोठ्या मापाचं आणलंय ना रे?”

सकाळी धुकं होतं. युनियाआत्याच्या दारात, उंबऱ्याच्या मधोमध, तिचं बुटकं स्टूल ठेवलं होतं, आणि पेरुसी त्यावर बसली होती. आज आधी येऊन बसली नव्हती, सगळ्यांसमोर चालत येऊन बसली होती. विटकरी सालीचं कापड खांद्यावर गाठ मारून तिच्या अंगावर घातलं गेलं. ते टाचांच्या खालीही उरलं आणि पायरीवर लोळलं. उजव्या हातात चाकू, डाव्या मनगटाखाली टोपली, केळं धरावं तशी दाबून. लोक येत गेले. बायका तिच्यासमोर गुडघे टेकत होत्या, धुक्यानं ओल्या झालेल्या पायरीवर, आणि तिला प्रत्येकीची पाठ वरून दिसत होती. लहानपणी चटईवर बसून तिनं फक्त पाहुण्यांच्या चपला पाहिल्या होत्या. लेया आली, गुडघे टेकले, आणि उठताना चटकन म्हणाली, “आत्या, त्याला सांगितलंय, तुझ्यासमोर सरळ येऊन बस म्हणून. घाबरलाय पार.” “घाबरू दे,” पेरुसी म्हणाली. कंबर दुखत होती. चांगलीच दुखत होती. ताकद कशासाठी ठेवायची, हे तिला आज कोणी विचारायची गरज नव्हती.

सगळ्यांच्या शेवटी याफेसी आला. मागच्या अंगणात केळीच्या पानांत बांधलेल्या मटोक्यांच्या गाठोड्यांतून वाफ निघत होती, शेंगदाण्याचा रस्सा उकळत होता, माणसं भुकेली झाली होती. तो पायरीशी उभा राहिला, दोन्ही हात पुढं जोडून, आणि ज्या बहिणीला त्यानं पाठीवर वाहिलं होतं तिच्याकडे खालून बघावं तसं बघत म्हणाला, “आत्या, पंगत बसवू का? आधी कोणाला वाढायचं?”

तिनं बोलायला सुरुवात केली. पहिला शब्द जिभेला चिकटला. याफेसीचे ओठ सवयीनं हलले, तो शब्द पुरा करायला उघडले, आणि मिटले.  तिनं घाई केली नाही.

“आधी म्हाताऱ्यांना,” ती म्हणाली. “मुबिरूआजोबांना. आणि मला.”